मामा म्हणजे कोण

मेंढरांना केराबाई कानडीत शिव्या द्यायची आणि नवऱ्याला मराठीत. मेंढरं ऐकायची.

तिचं माहेर मंद्रूपच्या खाली, भीमेच्या अलीकडं. बाप धनगर, सासरा धनगर, नवरा बिरप्पाही धनगर. चालायला लागल्यापासून ती मेंढरांमागंच चालत होती. उंच, सुकलेली, मिश्रीनं दात काळे झालेली बाई. हात कधी रिकामा नाही. पाण्याचं मडकं, लंगडं कोकरू, नाहीतर लोकरीची टकळी. बिरप्पाचं सगळं तिच्या उलट. चालणं सावकाश, जेवणं सावकाश, आणि उत्तर देणं त्याहून सावकाश. "आज इचारलेलं उद्या सांगता व्हय?" असं ती खेकसायची. तो नुसता हसायचा.

अशा माणसावर खुनाचा खटला झाला. साल १९३४, सोलापूरचं सेशन कोर्ट. आणि खटला अडला तो एका साध्या शब्दावर.

घडलं ते असं. ज्वारी निघाली होती. मानसिंग नावाच्या शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात बिरप्पानं मेंढरं खतासाठी बसवली होती. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. थंडी सरत आली होती, पहाटेचा उजेड धुरकट होता. कुत्री एकाएकी उसळली. कुंपणाला चिकटून काहीतरी काळं, वाकलेलं पुढं सरकत होतं.

बिरप्पा ओरडला, "मामा आला! मामा आला! कुऱ्हाड दे गं!"

केराबाईनं कुऱ्हाड त्याच्या हातात दिली. तो धावला. ते काळं एकदम दोन पायांवर उभं राहिलं. त्याच्याही हातात कुऱ्हाड होती. पहिला घाव बिरप्पाच्या डाव्या हातावर बसला. दुसरा घाव बिरप्पाचा. माणूस पडला, डोक्यावरचं घोंगडं बाजूला झालं, आणि तेव्हा कळलं की हा हरिबा. बिरप्पाच्या आईचा भाऊ. त्याचा सख्खा मामा.

हरिबाचं आणि बिरप्पाचं एका एडक्यावरून वाकडं होतं. एडका आपल्या कळपातला आहे असं हरिबा म्हणे. "एक दिवस येऊन घिऊन जाईन, बघत बस," असं तो मंद्रूपच्या बाजारात चारचौघांत बोलला होता. तो दिवस त्यानं असा निवडला.

मानसिंग तेव्हा खळ्यावर धान्य राखत झोपला होता. आरडाओरड्यानं तो जागा झाला. त्यानं काही पाहिलं नाही, पण ऐकलं सगळं, आणि ऐकलं तेच पोलिसांना सांगितलं. "मामा आला, मामा आला, कुऱ्हाड दे." त्याच्या सांगण्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

पोलिसांना एवढं पुष्कळ झालं. आरोपीनं मामाला ओळखलं, मामा म्हणून ओरडला, कुऱ्हाड मागून घेतली आणि घातली. हातावरची जखम? ती मामानं जीव वाचवताना केली असेल. नाहीतर आरोपीनं मागाहून स्वतःच करून घेतली असेल. डॉक्टर म्हणाले, तसं होणं अशक्य नाही.

खुनाला फाशी होती.

बिरप्पाला कोर्टानं वकील नेमून दिला. त्यांचं नाव विरुपाक्ष. घरात कानडी, कोर्टात इंग्रजी आणि पक्षकारांशी मराठी बोलणारे, चष्मा सारखा कपाळावर चढवणारे गृहस्थ. पहिल्याच भेटीत त्यांनी केराबाईला विचारलं, "मामाला ओळखलं होतं, तर बिरप्पा कुऱ्हाड घेऊन धावला कशाला?"

"वळखलं कुटं? त्यो मामा न्हवं वकीलसाब. दुसरा मामा."

"बिरप्पाला दोन मामा आहेत?"

"त्येंचा न्हवं. समद्यांचा."

वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, नीट सांग."

केराबाईनं इकडंतिकडं पाहिलं. आवाज खाली आणला. "रानातला. कोकरं उचलून न्हेतोय त्यो."

"म्हणजे लांडगा?"

केराबाईनं दोन्ही कान हातांनी झाकून घेतले. "नाव घिऊ नगा की!"

वकील आधी हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं की खटल्याची गुरुकिल्ली हाती लागली आहे, आणि ते खुर्चीतून उठलेच. माणूस लांडगा समजून धावतो. समोर माणूस निघतो. माणूस आधी घाव घालतो. मग हा घाव घालतो. हा स्वसंरक्षणाचाच हक्क झाला. फक्त एवढं सिद्ध करायचं की या लोकांत मामा म्हणजे लांडगा.

"एवढंच," ते म्हणाले. "तुमच्यातला कोणीही एक येऊन कोर्टात सांगेल. झालं."

एवढंच किती होतं, ते केराबाईला ठाऊक होतं.

नाव घेतलं की ते ऐकतं, असं त्या वाड्यांवरचे धनगर धरून चालत. आणि ऐकलं की ज्यानं नाव घेतलं त्याच्या कळपावर येतं. उजाडो की मावळो, घरात की रानात. म्हणून सगळे मामा म्हणत. मामाला मान दिला की मामा दुसरीकडं जातो. बाळपणापासून केराबाईनं ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. शेतकऱ्यांची पोरं मुद्दाम ओरडून चिडवायची तेव्हा ती दगड घेऊन त्यांच्यामागं लागायची.

"पर ते सोलापुरात कसं येईल?" असं तिनं स्वतःलाच विचारून पाहिलं. उत्तर तिचं तिलाच माहीत होतं. सोलापुरात कशाला येईल? ते वाडग्यावर येईल, मेंढरांच्या कुंपणाशी.

बिरप्पानं घोळ आधीच घालून ठेवला होता. खालच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटनं त्याला विचारलं होतं, "मामा आला, असं ओरडलास?"

"व्हय."

"तो मामा कोण?"

बिरप्पानं बराच वेळ विचार केला. "आपला मामा."

कारकुनानं इंग्रजीत लिहून घेतलं: माझा मामा. खाली बिरप्पाचा अंगठा घेतला.

"आपला म्हणजे तुझा कसा होईल?" विरुपाक्ष वकील तुरुंगात जाऊन त्याच्यावर ओरडले. "आपला म्हणजे सगळ्यांचा! मग सगळ्यांचा असं का नाही सांगितलंस?"

"आपलाच म्हनलं की साब," बिरप्पा म्हणाला. त्याला आपली चूक कळेना.

केराबाई साक्षीदार शोधायला निघाली. मेंढरं धाकट्या दिराच्या हवाली केली आणि ती वाड्यावाड्यांनी फिरली. सगळे हळहळले. सगळ्यांनी ताक दिलं. बिरप्पा निर्दोष आहे, हे सगळ्यांना मान्य होतं. कोर्टात येऊन नाव घे म्हटलं की एकाची बायको बाळंतीण निघे, दुसऱ्याची मेंढी.

शेवटी तात्याबा तयार झाला. त्या भागातला सर्वांत वडीलधारा धनगर. शब्दाला वजन असलेला म्हातारा.

"मी येतो पोरी," तो म्हणाला. "जज्जाला समजावून सांगतो. मानूसच हाय की त्यो."

त्याची बायको म्हाळसाबाई चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "समजावून सांगा, पर नाव घिऊन घरी येऊ नगा. कोकरं तीन दिसांची हायेत माझी."

"नाव न घेता सांगीन. मला का बोलाया येत न्हाय?"

"येतंय की. लग्नाच्या याद्या मोडल्यात तुमी बोलून."

केराबाईला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं होतं.

सेशन कोर्टात गर्दी होती. वर छताला लांबलचक पंखा, तो ओढणारा माणूस दाराबाहेर. जज्जसाहेब साक्ष इंग्रजीत लिहून घेत. शेजारी दुभाषी उभा. एका बाजूला चार असेसर, म्हणजे गावातले प्रतिष्ठित लोक. त्यांनी खटला ऐकायचा आणि शेवटी मत द्यायचं. ते मत मानायचं की नाही, ते जज्जसाहेबांच्या मर्जीवर.

मानसिंगची साक्ष झाली. विरुपाक्ष वकिलांनी उलटतपासणीत विचारलं, "धनगर लोक लांडग्याला मामा म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"न्हाय बा," मानसिंग प्रामाणिकपणे म्हणाला. "आमी लांडग्याला लांडगाच म्हणतो."

असेसर हसले. मागं भिंतीला टेकून बसलेल्या केराबाईनं पदराचं टोक दातांत धरलं.

मग बचावाचा साक्षीदार तात्याबा उभा राहिला. अंगावर नवं घोंगडं, डोक्याला मोठं पागोटं. त्यानं आधी जज्जसाहेबांना रामराम केला, मग असेसरांना, मग दुभाष्याला.

"तात्याबा," विरुपाक्ष वकील म्हणाले, "तुम्हा लोकांत पहाटे कोणी मामा आला म्हणून ओरडलं, तर त्याचा अर्थ काय?"

"मामा आला, असा."

"हो. पण मामा म्हणजे कोण?"

"ज्याचं नाव घेत न्हाईत त्यो."

"कोण तो?"

"तुमाला ठाव हाय की वकीलसाब. काल तर बोललो आपुन."

जज्जसाहेबांनी लेखणी थांबवून वकिलांकडं पाहिलं. वकिलांचे कान लाल झाले.

"मला नको, कोर्टाला सांगा. हा मामा राहतो कुठं?"

"रानात."

दुभाष्यानं भाषांतर केलं: रानात राहणारा अंकल.

"त्याला पाय किती?" वकिलांच्या तोंडून निघून गेलं. सरकारी वकील ताडकन उठले. प्रश्नातच उत्तर आहे, त्यांनी हरकत घेतली. जज्जसाहेबांनी हरकत मान्य केली.

"बरं. मामा येऊन करतो काय?"

"मेंढरं न्हेतो."

विरुपाक्ष वकील खाली बसले. यापलीकडं विचारायचं कसं, हे त्यांना सुचेना. सरकारी वकील मात्र अगदी गोड आवाजात पुढं आले.

"तात्याबा, मयत हरिबा राहायचा कुठं?"

"धनगर मानूस. रानातच की."

"आणि त्या पहाटे तो आला होता कशाला?"

"एडका न्ह्यायला."

"म्हणजे रानात राहणारा मामा मेंढरू न्यायला आला. बरोबर?"

तात्याबानं मान डोलावली. मग त्याच्या ध्यानात आलं. "तसं न्हवं साब! त्यो मामा येगळा, ह्यो मामा येगळा!"

"दोघांत फरक काय?"

म्हातारा तोंड उघडून उभा राहिला. सगळं कोर्ट त्याच्या तोंडाकडं पाहत होतं. केराबाई मनातल्या मनात ओरडत होती, म्हणा! तात्या, म्हणून टाका! त्याच्या पागोट्याखालून घाम ओघळला.

"फरक लई हाय," तो शेवटी म्हणाला.

बाहेर व्हरांड्यात तो भिंतीशी बसला आणि त्यानं तोंड घोंगड्यात घातलं. "जिभंवर आलं व्हतं पोरी. देवाशपथ आलं व्हतं."

केराबाई त्याला बोलली असती तर वाईट बोलली असती. ती सरळ वकिलांपुढं जाऊन उभी राहिली.

"मी सांगते."

"तुला नाही उभं करता येत." वकील आधीच वैतागले होते. "एक तर तू बायको. तुझ्या सांगण्याला किंमत शून्य. दुसरं, तू सगळ्या साक्षी आत बसून ऐकल्यास. तिसरं, कुऱ्हाड कोणी दिली असं सरकारी वकील पहिल्यांदा विचारतील. काय सांगशील?"

"म्या दिली."

"मग तुलाही पिंजऱ्यात उभं करतील."

"करू द्या. त्येंच्या शेजारीच करतील का?"

वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला, उतरवला. दुसरं कुणीच उरलं नव्हतं.

सरकारी वकिलांनी हरकत घेतली, जज्जसाहेबांनी ती नोंदवली आणि साक्ष घेऊ दिली. केराबाई उभी राहिली. कारकुनानं नाव विचारलं, तिनं सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं. ती गप्प.

"बाई, नवऱ्याचं नाव?"

"तुमच्याम्होरं लिवलेलं हाय की."

पुन्हा हशा. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? दुभाष्यानं साहेबांना ही रीत समजावून सांगितली. त्यात विरुपाक्ष वकिलांना एकदम चमकलं. ते उठून म्हणाले, "महाराज, ही बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. म्हणून तिला नवराच नाही, असं कोर्ट म्हणेल काय? नाव न घेणं हाच या लोकांचा पुरावा आहे."

असेसरांपैकी दोघांनी माना हलवल्या. जज्जसाहेब शांतपणे म्हणाले, युक्तिवाद नंतर करा, आता साक्ष घ्या.

"केराबाई, मामा म्हणजे कोण?"

बिरप्पा पिंजऱ्यात उभा होता. त्यानं मान हलवली. नको. अगदी स्पष्ट दिसेल अशी हलवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं उत्तर द्यायला वेळ लावला नव्हता.

केराबाईला वाडगं दिसलं. धाकटा दीर एकटा. कोकरं आयांच्या पोटाखाली. तिनं बिरप्पाकडं पाठ केली.

"लांडगा," ती म्हणाली.

दुभाष्याला ऐकू आलं नाही. तो म्हणाला, पुन्हा बोल.

"लांडगा! मामा म्हंजी लांडगा!"

जज्जसाहेबांनी लिहिलं. व्हरांड्यात घोंगडं सरकल्याचा आवाज आला. तात्याबा उठून चालता झाला होता.

सरकारी वकिलांनी कुऱ्हाडीचं विचारलं, तिनं सरळ सांगितलं. कुऱ्हाड आपण दिली, लांडगा समजून दिली, आणि पहिला घाव हरिबानं घातला, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. तिला वाटलं, झालं. सरकारी वकील बसायच्या बेतात दिसले.

"एकच प्रश्न," ते म्हणाले. "हा शब्द तू आजपर्यंत कधी तोंडातून काढला होतास?"

"न्हाय. कंदीच न्हाय."

"मग या खटल्यात मामा म्हणजे लांडगा, असं पहिल्यांदा कोण म्हणालं? तू म्हणालीस की दुसरं कोणी?"

केराबाईनं खरं बोलायची शपथ घेतली होती. तिनं बोट दाखवलं. "ह्ये वकीलसाबच म्हनले."

सरकारी वकिलांनी दोन्ही हात पसरून असेसरांकडं पाहिलं आणि ते खाली बसले. विरुपाक्ष वकिलांनी कपाळ तळहातावर टेकलं. बाई काय चुकली, हे बाईला कळलं नाही. तिनं तर एवढं मोठं काम केलं होतं.

निकालाच्या दिवशी तीन असेसर म्हणाले, निर्दोष. चौथे सुताचे व्यापारी होते. ते म्हणाले, मामाला मामाच म्हणतात. जज्जसाहेबांनी निकाल वाचला. मामा या शब्दाचा दुसरा अर्थ सिद्ध झालेला नाही. आरोपीच्या बायकोला तो शिकवलेला दिसतो. मात्र हातावरची जखम आणि मयताची कुऱ्हाड पाहता मयतानंही वार केला असावा. आरोपीला स्वसंरक्षणाचा हक्क होता, पण तो त्यानं ओलांडला. म्हणून हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध. सात वर्षं सक्तमजुरी.

"फाशी टळली," व्हरांड्यात वकील म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

"मग सोडत का न्हाईत?"

"लांडगा सिद्ध झाला नाही, बाई."

"मी सांगितलं की!"

"सांगितलंस. सिद्ध झालं नाही."

सांगणं आणि सिद्ध होणं यांत काय अंतर आहे, ते वकिलांनी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. मग मध्येच सोडून दिला. गिरणीचा भोंगा झाला आणि ते टांग्यात बसून निघून गेले.

वाड्यावर बातमी तिच्याआधी पोचली होती. कोणी तिला टाकून बोललं नाही. फक्त म्हाळसाबाई येऊन सांगून गेली, "केरे, तू चांगलं केलंस. पर औंदा तुजी मेंढरं आमच्यात मिसळू नगं." मानसिंगनंही रान दुसऱ्या कळपाला दिलं. त्याला आता कोर्टाचं नाव नको होतं.

बिरप्पाला पुण्याकडं हलवायच्या आधी तिला एकदा भेट मिळाली. मध्ये गज. तो वाळला होता. तिनं आणलेली भाकरी शिपायानं बाजूला ठेवून घेतली.

"तू नाव घेतलंस," बिरप्पा म्हणाला.

"घेतलं."

"जज्जानं मानलं का?"

"न्हाय."

"मग घेतलंस कशाला?"

केराबाईच्या अंगाचा भडका उडाला. "कशाला? तुमी त्या मॅजिस्टरम्होरं घेतलं असतं तर आज घरी असता! तात्यानं घेतलं असतं तर घरी असता! एवढं मोठं पागोटं, एवढ्या मोठ्या मिशा, आन नाव कुणी घ्यायचं? बाईनं! आन बाईचं कुणी ऐकायचं न्हाय!"

शिपायानं दारातून डोकावून पाहिलं. बिरप्पा गजाला धरून खाली बघत राहिला.

"मेंढरं कुटं न्हेतीस?" त्यानं विचारलं.

"माहेरच्या अंगाला. हितं कुणी बसू देत न्हाय."

"नदीच्या कडंनं जा. माळावरनं जाऊ नगं."

"का?"

"तितं असतंय."

"काय असतंय?"

बिरप्पानं मागं पाहिलं, शिपायाकडं पाहिलं, पुन्हा तिच्याकडं पाहिलं.

"काय असतंय? बोला की!" केराबाईनं दोन्ही हातांनी गज धरले. "हितं एक तरी कोकरू हाय का? दगडाच्या भिंती हायेत. सात वर्सं हितंच ऱ्हायचंय तुमाला. मग बोला! माळावर काय असतंय?"

बिरप्पाचे ओठ हलले. ती वाट पाहत राहिली. शिपायानं तिच्यामागं येऊन किल्ल्या वाजवल्या.

"चला बाई, वेळ झाली."

"थांबा," केराबाई मागं न बघता म्हणाली. "त्ये बोलतायत."

बिरप्पा बोलला नाही.